ताट कुणाचं, हे आधी विचारा

गरोदर बाईच्या हातातलं माता व बाल संरक्षण कार्ड उघडलं की वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीचा रिपोर्ट, बाळाचे ठोके, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या किती दिल्या, हे सगळं सापडतं. ती जेवते कशी, याला मात्र रकाना नाही. आम्ही आहारतज्ज्ञ काय खाल्लं ते विचारतो आणि लिहून घेतो. कधी खाल्लं, कुणाच्या नंतर, बसून की उभ्याने, भूक लागली म्हणून की वेळ झाली म्हणून, हे विचारायची सवय आमच्या शिक्षणात लावली गेली नाही. मी ते विचारायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्यातल्या एका रुग्णालयाची प्रसूतिपूर्व तपासणीची ओपीडी आणि शिरूर-खेडकडची काही उपकेंद्रं हे माझं कामाचं क्षेत्र. दोन्हीकडे एकच प्रश्नावली घेऊन बसले, तेव्हा जे दिसलं ते इथे लिहिते आहे. गरोदरपणातलं खाणं मोजण्याचं काम हल्ली वाढतं आहे आणि ते नीट व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

लक्ष देऊन जेवणं म्हणजे काय, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. भूक ओळखून बसावं, घासाकडे लक्ष असावं, पोट भरलं की थांबावं, राग आणि कंटाळा जेवणावर काढू नये. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवण्याचे नियम सांगितले आहेत, त्यात गरम खावं, बेताने खावं, फार भरभर खाऊ नये, फार रेंगाळून खाऊ नये आणि मन जेवणात ठेवावं, हे सगळं आलेलं आहे. मोजण्याचा प्रयत्न मात्र अलीकडचा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या संशोधकांनी २८ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे पाच भाग आहेत: पोट भरल्यावरही खात राहणं, चवीची आणि शरीराची जाणीव, डोळ्यांसमोरच्या गोष्टींमुळे खाणं, भावनेच्या भरात खाणं आणि खाताना लक्ष दुसरीकडे असणं. प्रत्येक प्रश्नाला एक ते चार गुण. पुढे तिकडच्याच गरोदर स्त्रियांवर ती तपासली गेली आणि वापरण्याजोगी आहे असं दिसलं. आमच्या हातात ती आली ती या वाटेने.

पण ही प्रश्नावली जन्माला आली ती जास्त खाणाऱ्या समाजात. तिथला मुख्य प्रश्न वजन कसं वाढू नये हा. त्यामुळे तिच्यात हॉटेलातली मोठी प्लेट आहे, सिनेमागृहात पाऊल टाकताच पॉपकॉर्नची आठवण होणं आहे, पार्टीतल्या टेबलावरचे पदार्थ आहेत. हिंजवडीला नोकरी करणारी, पाचव्या महिन्यातली मुलगी हे प्रश्न वाचून भराभर खुणा करत जाते. पाबळच्या रस्त्यावरच्या वस्तीतून आलेली बाई तोच कागद पाहून माझ्याकडे बघते. तिच्यासाठी आम्ही उदाहरणं बदलली. हॉटेलच्या जागी लग्नातलं जेवण आलं, पॉपकॉर्नच्या जागी आठवडी बाजारातली भेळ आणि गरम भजी. एवढं करून काम भागेल असं सुरुवातीला आमच्यातल्या अनेकांना वाटत होतं. अडचण उदाहरणांपेक्षा खोल निघाली.

पोट भरलं की आवडीचा पदार्थ समोर असला तरी थांबता का, अशा अर्थाचा एक प्रश्न त्यात आहे. 'नेहमी' असं उत्तर दिलं की पूर्ण गुण. एका उपकेंद्रावर सातव्या महिन्यातली एक बाई समोर बसली होती. हात कामाने राठ झालेले, कार्डावर वजनाचे तीन आकडे जवळजवळ सारखेच. तिने या प्रश्नाला एका दमात उत्तर दिलं. "म्याडम, पोट भरल्यावर कोन खातंय? मी तर आधीच उठते." पूर्ण गुण. पुढचे चार-पाच प्रश्नही तसेच. खाताना मोबाइल नाही, टीव्ही नाही, कंटाळा आला म्हणून खाणं नाही, समोर काही दिसलं म्हणून उचलणं नाही. कागदावर ती आदर्श ठरत होती. प्रत्यक्षात ती उपाशी होती.

मग मी तिला विचारलं, आधीच का उठता? उत्तरं एकामागून एक येत गेली. बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जातं, असं चुलत सासूने सांगितलेलं. शेतावर खुरपायला जायचं असतं, पोटभर खाल्लं आणि पाणी प्यायलं की आडोशाला जावं लागतं आणि तिथे आडोसा नाही. दोन घास जास्त झाले की जळजळ होते. आणि सगळ्यात शेवटी, सहज बोलल्यासारखं, "भाजी पन नसती ना मागं." म्हणजे एकाच खुणेमागे चार कारणं होती. त्यातलं एक शरीराचं, एक भीतीचं, एक सोयीचं आणि एक घरातल्या वाढण्याच्या क्रमाचं. प्रश्नावलीला यातलं एकही दिसत नाही. तिला फक्त एवढंच दिसतं की बाई थांबते.

शरीराचं कारण खरं आहे, ते आधी सांगते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे पचनमार्गाची हालचाल मंदावते, शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशय जठराला वर ढकलतं, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं आणि आंबट पाणी घशाशी येतं. त्यामुळे 'पोट भरलं की थांबा' हा एरवी शहाणपणाचा असलेला सल्ला या काळात अपुरा पडतो. इथे सांगावं लागतं की थांबा, पण दीड-दोन तासांनी पुन्हा खा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक भाकरी, एक वाटी डाळ आणि एक कप दूध, एवढंच. 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' असं जे म्हटलं जातं ते या हिशेबात बसत नाही, आणि 'कमी खा, बाळ बेताचं राहील' हे तर त्याहून बसत नाही. ही जास्तीची भाकरी एका बैठकीत पोटात जाणार नसते. ती दिवसभरात वाटून खायची असते, आणि त्यासाठी बाईला दिवसात चार-पाच वेळा बसून खायला मोकळीक लागते.

म्हणून मी प्रश्नावलीच्या आधी आहार विचारायला बसते तेव्हा घाई करत नाही. आमच्याजवळ मोजमापाच्या वाट्या, पळ्या आणि चमचे असतात. काल सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं, ते बाई सांगत जाते आणि मी वाटीवर बोट ठेवून 'इतकं की इतकं' विचारत जाते. "एक भाकर" असं उत्तर आलं की मी थांबते. अख्खी? मग कळतं की अर्धी पोराने घेतली. त्या अर्धीतली चतकोर सकाळी चहात बुडवून खाल्लेली होती आणि ती तिने आधीच न्याहारीत सांगितली होती. कागदावरची एक भाकरी प्रत्यक्षात पोटात गेलेली चतकोर होती. भाजीचंही तसंच. 'वांग्याची भाजी' हे खरं, पण तिच्या वाटणीला रस्सा आला, फोडी नाहीत. अशा चौकशीत कुठेही टोचणारा प्रश्न न विचारता घरातली पंगत डोळ्यांसमोर उभी राहते. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, मग ती.

याच भागातल्या गावांनी जगाला गरोदरपणाच्या आहाराबद्दल फार मोलाची माहिती दिली आहे. १९९० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो. त्यात असं दिसलं की आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध नव्हता. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात गेलं याचा मात्र होता. मला हा निष्कर्ष माझ्या कामात रोज उपयोगी पडतो. भाकरी कशीबशी पोटात जाते. मेथी, पेरू आणि दूध हे घरात आलं तरी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण हे तीन पदार्थ घरात सगळ्यात आधी संपतात. लक्ष देऊन जेवायला सांगताना कशाकडे लक्ष द्यायचं, हे त्या गावांनी आम्हाला शिकवलं.

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये २००६ नंतर झालेला दुसरा प्रयोगही इथे आठवतो. स्त्रियांना गरोदरपणाच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला रोजचा एक खाऊ दिला गेला. तो घरी न्यायचा नव्हता, केंद्रावर येऊन तिथेच खायचा होता. ज्यांना हा खाऊ मिळाला त्यांच्यात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं. खाऊत काय होतं याची चर्चा बरीच झाली. मला त्यातली बसून खाण्याची जागा तितकीच महत्त्वाची वाटते. त्या खाऊचा वाटेकरी कुणी नव्हता. आपल्या राज्याने २०१५ मध्ये आदिवासी भागात अमृत आहार योजना आणली, तीतही गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम चौरस जेवण देण्याचं ठरलं. कोरडा शिधा घरी गेला की तो घराचा होतो, तिचा राहत नाही, हे अंगणवाडीच्या ताई कुणालाही सांगतील.

आम्ही मग प्रश्नावलीच्या पुढे स्वतःचे काही प्रश्न जोडले. काल तुमच्या आधी कोण कोण जेवलं? तुम्ही ताट घेतलं तेव्हा कशात काय उरलं होतं? जेवताना किती वेळा उठलात, आणि कशासाठी? तुम्हाला काही खावंसं वाटलं तर ते कुणाला सांगता? भूक लागली तेव्हा पहिल्यांदा पोटात काय गेलं? या प्रश्नांना गुण नाहीत. पण या उत्तरांशेजारी ठेवल्याशिवाय मी आता २८ प्रश्नांची बेरीज वाचत नाही. ज्या बाईच्या हातात ताट आहे तिचं लक्ष मोजता येतं. जिच्या हातात ते नाही तिला गुण देणं म्हणजे तिच्या घराचे गुण तिच्या नावावर लिहिणं आहे.

भुकेच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर म्हणजे चहा. सकाळी उठल्यावर चहा, शेतावर जाताना चहा, पाहुणा आला की चहा, भूक लागली आणि स्वयंपाकाला अवकाश आहे तर चहा. चहाने भूक मरते आणि त्यातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. लोहाची गोळी कशाबरोबर घेता, हे विचारलं की पुष्कळदा चहाच निघतो, कारण गोळीने मळमळतं आणि चहाने ती घशाखाली जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, हा आकडा ५२.२ टक्के आला. १८० दिवस गोळ्या वाटल्या जातात, त्या घेतल्याची खूणही होते. गोळी चहाबरोबर गेली की लिंबू पिळलेल्या डाळ-भातानंतर गेली, हे कुणी विचारत नाही. मला ही विचारपूस लक्ष देऊन जेवण्याचाच भाग वाटते, पण कुठल्याच प्रश्नावलीत ती नाही.

शहरातल्या ओपीडीत चित्र वेगळं आहे आणि तिथे प्रश्नावली जास्त बोलते. लॅपटॉपसमोर डबा उघडणाऱ्या, कॅबमध्ये केळं संपवणाऱ्या, रात्री टीव्ही किंवा मोबाइल समोर ठेवूनच जेवणाऱ्या मुली खरं उत्तर देतात आणि देताना स्वतःच चपापतात. अशा एकीने मला सांगितलं की तिला दुपारच्या डब्यात काय होतं ते आठवतच नाही, डबा रिकामा झाला एवढं आठवतं. तिथे माझं काम सोपं होतं. पहिले पाच घास फोन उलटा ठेवून खा, एवढंच सांगितलं तरी पुढच्या भेटीत फरक ऐकायला मिळतो.

त्याच ओपीडीत गरोदरपणातल्या मधुमेहाच्या बायका येतात, आणि तिथे मोजणं पुन्हा अवघड होतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली की निदान होतं. मग आहार बदलायचा, जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत ठेवायची, गरज पडली तर औषध. या बायकांचे जाणिवेच्या भागातले गुण एकदम वर जातात. भाताचा प्रत्येक चमचा त्यांना माहीत असतो. पण त्यांच्याशी बोललं की कळतं, या जाणिवेत चव नाही, भीती आहे. एकीने पोळी तराजूवर तोलायला सुरुवात केली होती. दोन वेळा साखर बरोबर आली म्हणून तिने तिसऱ्या दिवशी रात्रीचं जेवणच सोडलं, म्हणजे सकाळी आकडा आणखी चांगला येईल. तिच्या लघवीत कीटोन, म्हणजे उपाशी राहिल्याची खूण, आले. प्रश्नावलीत ती सगळ्यांच्या वर होती. तिला बसवून मी पोळी, डाळ आणि भाजी पोटभर खाण्याची भीती घालवण्यात जितका वेळ दिला, तितका कुणाला कमी खायला सांगण्यात दिलेला नाही. ग्लुकोमीटर घरात आलं की घरच्यांची नजरही तिच्या ताटावर येते, आणि आंबा खाल्लास का, हा प्रश्न दिवसातून कितीतरी वेळा होतो. तिला ते जेवण परीक्षेसारखं वाटायला लागतं.

मातीबद्दल लिहायलाच हवं. गरोदरपणात माती, भिंतीचा पोपडा, राख, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं आपल्याकडे नवं नाही. लोहाच्या कमतरतेशी त्याचा जवळचा संबंध आहे, आणि लोह भरून आलं की ही ओढ बहुधा ओसरते. पण 'माती खाता का' असं थेट विचारलं तर सगळ्याच बायका नाही म्हणतात. मी विचारते, पहिला पाऊस पडला आणि मातीचा वास आला की काय होतं? एकदा असं विचारल्यावर समोरची मुलगी क्षणभर गप्प राहिली, मग तिने पर्सच्या आतल्या कप्प्याची चेन उघडली आणि पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा टेबलावर ठेवला. दोन पेन्सिलींची टोकं चावलेली. करडी भुकटी कप्प्याच्या शिवणीत बसलेली. "दुपारी चारला लागतीच," ती म्हणाली, "आन् सकाळी उठल्याउठल्या." तिला वेळा माहीत होत्या, कुठल्या दुकानातली चांगली लागते हेही माहीत होतं, आणि माहेरी गेली की कमी होतं, हेही तिने ओळखलं होतं. शरीराकडे इतकं बारीक लक्ष देणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. हिमोग्लोबिन सातच्या थोडं वर होतं. तिला इंजेक्शनातून लोह द्यायचं ठरलं, जंताची गोळी दिली. माहेरी का कमी होतं, याचं उत्तर तिच्या आहाराच्या नोंदीत होतं. तिथे ती आईबरोबर जेवत होती.

शरीराने काही मागितलं की ते ऐकावं, ही आपली जुनीच समजूत आहे. तिला आपण डोहाळे म्हणतो आणि त्याचं कोडकौतुक करतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाटाभोवती रांगोळी, ताटात तिला आवडेल ते. त्या दिवशी तिला सगळ्यांच्या आधी वाढतात आणि ती खाताना चार बायका शेजारी बसून काय हवं-नको ते विचारतात. मी बायकांना त्या जेवणाबद्दल विचारायला लागले, तेव्हा मला आश्चर्य वाटलं. काल रात्री काय जेवल्या ते आठवायला ज्यांना वेळ लागतो, त्यांना महिन्यापूर्वीच्या डोहाळजेवणातला प्रत्येक पदार्थ आठवतो. कुठल्या वाटीत बासुंदी होती, भजी कोणी केली होती, मसालेभात गरम होता, लिंबाची फोड कुठे ठेवली होती. लक्ष देऊन जेवता येण्यासाठी काय लागतं, याचा माझ्याजवळचा सगळ्यात चांगला पुरावा हाच आहे. आधी वाढलं जावं, बसून खाता यावं, कुणी विचारणारं असावं.

सासूबद्दलही न्यायाने लिहायला हवं. मुलाखतीच्या वेळी सासू शेजारी असेल तर सून सगळ्या प्रश्नांना चांगलंच उत्तर देते, म्हणून आम्ही मुलाखती वेगळ्या घेतो. वजनाच्या निमित्ताने सुनेला पडद्याआड बोलावतो, तेवढ्यात सहकारी सासूशी बोलत बसते. या बाहेरच्या गप्पांतून मला फार काही मिळालं. एक म्हातारी सांगत होती, "आमच्या येळंला कुणी इचारलं न्हाई. चार बाळंतपनं झाली, ताटात काय व्हतं ते मलाच ठावं." तिला सुनेबद्दल दुष्टावा नव्हता. शेवटी जेवायची सवय तिला तिच्या सासूने लावली होती आणि तिने ती पुढे दिली. आम्ही तिला तिचंच २४ तासांचं जेवण विचारलं. तिच्या ताटातही भाजीच्या फोडी नव्हत्या. त्यानंतर ती सुनेबरोबर तपासणीला यायची तेव्हा सुनेच्या आधी स्वतः सांगायची की आता आम्ही दोघी एकदमच बसतो. मी यातून असं ठरवलं की घरातल्या वाढणाऱ्या बाईला बाजूला ठेवून गरोदर बाईच्या जेवणावर काम करायचं नाही.

मोजमापाच्या शास्त्राबद्दल थोडं. प्रश्नावली भरवशाची आहे का, हे तपासायला तीच माणसं काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा सोडवतात आणि उत्तरं जुळतात का ते पाहिलं जातं. गरोदरपणात ही कसोटी सरळ लावता येत नाही. दहाव्या आठवड्यात उलट्यांनी हैराण झालेली बाई बाराव्या-चौदाव्या आठवड्यात वेगळीच जेवते, आणि बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा वेगळी. उत्तर बदललं म्हणजे प्रश्न कच्चा असं म्हणता येत नाही, शरीरच बदललेलं असतं. म्हणून प्रत्येक कागदावर आठवडा लिहिणं, मळमळ आणि जळजळ आहे का ते लिहिणं, आणि पहिल्या तिमाहीतल्या बायकांची बेरीज तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांत न मिसळणं, एवढं तरी पाळावंच लागतं. सुगीचा हंगाम, श्रावणातले उपास आणि रमजानचा महिना यांचीही नोंद हवी. उपासाच्या दिवशी साबुदाणा आणि शेंगदाणा यांच्यावर काढलेल्या दिवसाबद्दल मोबाइलवर लक्ष जाण्याचा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही.

एवढं सगळं सांगून मी प्रश्नावली फेकून द्या असं म्हणणार नाही. तिच्यामुळे एक मोठी गोष्ट झाली. ओपीडीतल्या गर्दीत, जिथे एका बाईला मिनिटं मोजून मिळतात, तिथे जेवणाबद्दल बोलायला एक कागद समोर आला, आणि कागद असला की डॉक्टरही थांबून ऐकतात. ज्या बाईला आयुष्यात कुणी 'तुम्हाला चव लागते का' असं विचारलं नव्हतं, तिला ते विचारलं गेलं. काही जणी उत्तर देताना रडल्या. पण बेरीज जास्त म्हणजे बाई नीट जेवते, हा अर्थ आपल्याकडे लावू नये, हे माझं ठाम मत आहे. वजन न वाढणाऱ्या बाईचे गुण चांगले आले तर ती धोक्याची खूण समजावी. मधुमेही बाईचे जाणिवेचे गुण अचानक वाढले तर तिला भीती किती वाटते ते आधी विचारावं.

हे काम करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना, आशाताईंना आणि अंगणवाडीतल्या ताईंना एकच विनंती. कागदावर पहिली खूण करण्याआधी तिला विचारा, काल तुमच्या आधी कोण कोण जेवलं. आणि ज्यांच्या घरात आत्ता गरोदर सून, मुलगी किंवा बायको आहे त्यांना सांगणं हे, की आज रात्री तिला पहिल्यांदा वाढा, भाजीच्या फोडी असताना वाढा, तिचं जेवण होईपर्यंत धाकट्या पोराला दुसऱ्या कुणीतरी घ्या, आणि लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नका.